फ्लास्कमध्ये काय आहे, ते कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एका सत्राचं प्रगत प्रॅक्टिकल नव्याने आखायचं आहे. आजवर दर आठवड्याला एक प्रयोग, हातात छापील कृती, शेवटी यील्ड (अपेक्षेच्या किती टक्के पदार्थ मिळाला ते) आणि वितळणांक अशी पद्धत होती. गुण चांगले पडतात, पण हीच मुलं प्रकल्पाला बसली की साध्या रिअ‍ॅक्शनवरही अडून राहतात. तर उपकरणं कोणती घ्यावीत, प्रयोग किती ठेवावेत आणि गुण कशाला द्यावेत?

उपकरणांच्या यादीपासून सुरुवात करू नका, हे आधीच सांगून टाकतो. ग्लोव्ह बॉक्स असलेल्या प्रयोगशाळेतही मुलं अडतात. त्यांचा हात चालत नाही असं क्वचितच असतं. पुढे काय करायचं ते ठरवता येत नाही, ही खरी अडचण. छापील कृतीत सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेले असतात: किती वेळ ढवळायचं, कशाने एक्सट्रॅक्ट करायचं, कुठे थांबायचं. विद्यार्थी ते पार पाडतो, एवढंच. प्रगत प्रॅक्टिकलमध्ये हे निर्णय हळूहळू त्याच्याकडे सोपवायचे आणि प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न विचारायचा: कशावरून? रिअ‍ॅक्शन संपली म्हणतोस, कशावरून? सॉल्व्हंट कोरडा आहे, कशावरून? हे तुझंच संयुग आहे, कशावरून? उपकरणं, प्रयोग, गुण या सगळ्याची उत्तरं मग यातूनच निघतात.

प्रयोगांची संख्या कमी करा. माझ्या मते एका सत्राला चार प्रयोग पुरे, प्रत्येकाला तीन-चार आठवडे. बारा प्रयोग ठेवले की बिघडलेला प्रयोग पुन्हा करायला वेळ उरत नाही, आणि खरं शिक्षण त्या दुसऱ्या खेपेतच असतं. पहिल्या खेपेला यील्ड 30 टक्के आलं, दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट बदलून 65 आलं आणि ते का वाढलं हे विद्यार्थ्याला सांगता आलं, तर त्या एका प्रयोगात तो बारा प्रयोगांपेक्षा जास्त शिकला.

आता टीएलसी, म्हणजे सिलिकाच्या प्लेटवर मिश्रणातले घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे करून बघणं. "ते तर पहिल्या वर्षालाच झालं" असं सगळे म्हणतात, आणि प्रगत वर्गात सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. प्लेटवर तीन जागा हव्यात: एकीकडे मूळ पदार्थ, एकीकडे रिअ‍ॅक्शन मिश्रण, आणि मध्ये दोन्ही एकावर एक. ही मधली जागा मुलं टाळतात. आरएफ (ठिपका सॉल्व्हंटच्या तुलनेत किती वर चढला ते) 0.42 आणि 0.44 हे एकच संयुग की दोन, हे शेजारी-शेजारी ठेवून कळत नाही. एकावर एक टाकल्यावर ठिपका गोल राहतो की लांबट होऊन दुभंगतो, ते पाहून कळतं. दुसरं म्हणजे, केशनळीत घेतलेला थेंब फ्लास्कमधल्या स्थितीचा साक्षीदार असेलच असं नाही. ग्रिग्नार्डसारखा (हॅलाइड आणि मॅग्नेशियमपासून केलेला) अभिकर्मक हवेशी आणि सिलिकाशी संपर्क येताच क्वेंच होतो, म्हणजे निकामी होतो. डीएमएफ या सहज न उडणाऱ्या सॉल्व्हंटमधल्या रिअ‍ॅक्शनचा तर नुसता ओघळच दिसतो. म्हणून छोट्या कुपीत दोन थेंब मिश्रण, दोन थेंब संपृक्त अमोनियम क्लोराइड, थोडं इथाइल अ‍ॅसिटेट, हलवून वरचा थर प्लेटवर. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याने दोन दिवस वाचतात.

टीएलसीतलीच आणखी एक युक्ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखालून जायलाच हवी. शुद्धीकरणाच्या सिलिका कॉलममधून पदार्थ कमी परत आला की "सिलिकाने खाल्ला" म्हणून सगळे मोकळे होतात. ते तपासायला चौकोनी प्लेट घ्या. एका कोपऱ्यात एकच ठिपका टाका, प्लेट चालवा, वाळवा, थोडा वेळ तशीच राहू द्या. मग ती 90 अंशांत फिरवून त्याच सॉल्व्हंटमध्ये पुन्हा चालवा. संयुग सिलिकावर टिकत असेल तर सगळे ठिपके कर्णावर येतात. कर्ण सोडून बाजूला ठिपका दिसला, तर तो पदार्थ प्लेटवरच विघटन पावून तयार झालेला आहे. मग कॉलम कशाने लावायचा, सिलिकात थोडं ट्रायइथाइलअमाइन घालायचं की अ‍ॅल्युमिनाकडे वळायचं, हा निर्णय विद्यार्थ्याचा. त्याला या वेळी उत्तर देऊ नका.

एनएमआरचं (रेणूतल्या प्रोटॉनांचे सिग्नल दाखवणाऱ्या तंत्राचं) प्रशिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी "रचना ओळखा". ते हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. प्रकल्पाला बसलेल्या मुलाला रोज लागतं ते वेगळं कौशल्य: स्पेक्ट्रममध्ये आपलं नसलेलं काय काय आहे ते ओळखणं. सीडीसीएल3 या नेहमीच्या एनएमआर सॉल्व्हंटमध्ये (आकडे म्हणजे स्पेक्ट्रमच्या पट्टीवरच्या जागा) 7.26ला उरलेला क्लोरोफॉर्म, 1.56च्या आसपास पाणी, 2.17ला अ‍ॅसिटोन, 5.30ला डायक्लोरोमिथेन, 0.07ला सिलिकॉन ग्रीस, 1.26 आणि 0.86ला हायड्रोकार्बन ग्रीस. अशा अशुद्धींचा एक प्रसिद्ध तक्ता 1997 साली छापून आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर लागला. तो तुमच्याही भिंतीवर लावा, पण नुसता लावून भागणार नाही, त्यावर हिशेब करायला लावा.

हिशेब असा. समजा, संयुगाचा रेणुभार 250. विद्यार्थी वजन करतो आणि यील्ड 88 टक्के लिहितो. स्पेक्ट्रममध्ये त्याच्या संयुगाच्या एका प्रोटॉनचं क्षेत्रफळ 1.00 धरलं तर 4.12च्या क्वार्टेटचं (चार रेषांच्या सिग्नलचं) 0.60 आहे, 2.05च्या सिंगलेटचं 0.90, आणि 1.26चा ट्रिपलेटही जागेवर आहे. म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट. क्वार्टेटमागे दोन प्रोटॉन, म्हणून एका मोल संयुगामागे 0.30 मोल. वजनात 0.30 गुणिले इथाइल अ‍ॅसिटेटचा रेणुभार 88, म्हणजे 26.4. एकूण 276.4पैकी 26.4, साधारण 9.6 टक्के वजन सॉल्व्हंटचंच. खरं यील्ड 80च्या आत आलं. हा हिशेब एकदा स्वतःच्या नमुन्यावर केलेला विद्यार्थी पुढे वजन स्थिर होईपर्यंत व्हॅक्यूमवर ठेवल्याशिवाय यील्ड लिहीत नाही. त्याला हे व्याख्यानात सांगून काही होत नाही, हेही लक्षात ठेवा.

तुमच्याकडे एनएमआर नसेल किंवा वेळ मिळत नसेल, तर खरे कच्चे एफआयडी (यंत्रातून आलेला, प्रक्रिया न केलेला डेटा) मिळवा आणि फेजिंग, बेसलाइन, इंटिग्रेशन मुलांकडूनच करून घ्या. छापलेला स्वच्छ स्पेक्ट्रम देण्यात काही अर्थ नाही. इंटिग्रेशनवर विश्वास कधी ठेवायचा, हे रिलॅक्सेशन डिले (दोन स्पंदांमधला थांबायचा वेळ) बदलून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता हवेला आणि पाण्याला संवेदनशील रसायनं. यासाठी मी ग्रिग्नार्डच निवडेन. जुनाच प्रयोग आहे, पण त्यातून जितके प्रश्न निघतात तितके कुठल्याही नव्या झगमगीत कॅटॅलिसिसमधून निघत नाहीत. सुरुवातीला हॅलाइडचा लहानसा भागच घालायचा आणि रिअ‍ॅक्शन सुरू झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबायचं: आयोडीनचा रंग गेला, द्रव गढूळ झाला, ईथर आपोआप उकळू लागलं. खूण दिसायच्या आधीच सगळं ओतलं आणि मग रिअ‍ॅक्शन पेटली, तर ती कुणाला आवरत नाही. हा नियम प्रत्येक पुस्तकात असतो आणि घाईत प्रत्येक वर्गात कुणीतरी तो मोडायला निघतोच. म्हणून पहिल्या तासाभरात मार्गदर्शकाने टेबल सोडायचं नाही.

अभिकर्मक तयार झाल्यावर पुढची पायरी सहसा गाळली जाते: टायट्रेशन. लिथियम क्लोराइड घातलेल्या कोरड्या टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये 254 मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिमोल, आयोडीन विरघळवा आणि तपकिरी रंग जाईपर्यंत ग्रिग्नार्डचं द्रावण थेंबाथेंबाने घाला. समजा, 1.25 मिली लागलं. म्हणजे संहती 0.80 मोलार. मॅग्नेशियमच्या वजनावरून विद्यार्थ्याने 1.0 धरली होती. त्याने कीटोनला 1.1 समतुल्य (एका मोल कीटोनमागे 1.1 मोल) घातलं असं नोंदवहीत लिहिलंय, प्रत्यक्षात पडलं 0.88. आता टीएलसीवर कीटोन उरलेला दिसणारच! टायट्रेशन न केलेला विद्यार्थी इथे तापमान वाढवतो, रात्रभर ढवळतो, शेवटी "रिअ‍ॅक्शन पूर्ण होत नाही" असा शेरा मारतो.

आणि हिशेब बरोबर असूनही कीटोन उरला तर? तेव्हा दुसरी शक्यता पुढे येते. ग्रिग्नार्डने कार्बोनिलवर हल्ला करायच्याऐवजी शेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन काढला, इनोलेट झालं, आणि वर्कअपला पाणी पडताच कीटोन जसाच्या तसा परत आला. अभिकर्मक कमी पडला की इनोलेट झालं, हे वेगळं कसं करायचं? साध्या पाण्याऐवजी जड (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या) पाण्याने क्वेंच करा. परत मिळालेल्या कीटोनमध्ये अल्फा जागी ड्यूटेरियम शिरलं असेल तर इनोलेट झालं होतं. एका उरलेल्या ठिपक्याला दोन स्पष्टीकरणं, आणि त्यांच्यात निवाडा करणारा एक प्रयोग: प्रगत प्रॅक्टिकलमध्ये मला हवं असतं ते हेच. वर्गाला हे गणित म्हणून देऊ नका. ठिपका उरू द्या, विद्यार्थी विचारायला येऊ द्या, आणि मग त्यालाच विचारा की कोणकोणत्या कारणांनी असं होऊ शकतं.

सॉल्व्हंट कोरडा करण्याबद्दल एकच सांगतो. सोडियम-बेंझोफिनोनचा निळा रंग (सॉल्व्हंट कोरडा झाल्याची नेहमीची खूण) दिसला की सगळे निर्धास्त होतात. पण नीट सक्रिय केलेल्या 3 आंग्स्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र मण्यांवर) दोन-तीन दिवस ठेवलेल्या टीएचएफमध्ये पाणी 10 पीपीएमच्या (दशलक्षात 10 भागांच्या) खाली जातं, आणि त्यात सोडियमचे तुकडे सांभाळायची, ती बाटली नष्ट करायची भानगड नाही. कार्ल फिशर (पाणी मोजायचं उपकरण) असेल तर दोन्ही मोजून बघायला लावा.

श्लेंक लाइन (फ्लास्कला निर्वात आणि निष्क्रिय वायू आलटून-पालटून देणारी काचेची लाइन) शिकवताना द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपवर, म्हणजे पंपाआधी बाष्प गोठवून अडवणाऱ्या भांड्यावर, वेळ खर्च करा. नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे 183ला, आर्गॉन उणे 186ला. म्हणजे ट्रॅप थंड असताना लाइनमध्ये कुठून हवा येत राहिली तर ऑक्सिजन त्यात द्रव होऊन साठतो, आणि तिथे आधीच सॉल्व्हंट असतो. आर्गॉनही साठतो, नंतर ट्रॅप बंद अवस्थेत गरम झाला की काच फुटते. पंप सुरू, लाइन बंद, मगच नायट्रोजन. उतरवताना याच्या उलट क्रम, आधी नायट्रोजनचं भांडं बाजूला आणि लाइन लगेच हवेला मोकळी. ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला तर कुणी शूरपणा करायचा नाही. खोली रिकामी करून जबाबदार माणसाला बोलवायचं. हे वाचून नाही, रिकाम्या लाइनवर बोलत-बोलत करून दाखवल्यावरच कुणाला पुढे जाऊ द्यायचं.

सुरक्षेचा वेगळा तास घेऊन ती संपवू नका. तिलाही तोच "कशावरून" लावा. 1996च्या ऑगस्टमध्ये डार्टमथ महाविद्यालयातल्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्स ग्लोव्हवर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. तेव्हा मान्य असलेली सगळी खबरदारी घेतली होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की ते संयुग तसल्या ग्लोव्हमधून काही सेकंदांत पार होतं. "ग्लोव्ह घातलेत" हे उत्तर म्हणूनच अपुरं आहे. कोणता ग्लोव्ह, कशासाठी, किती वेळ टिकतो, हे विद्यार्थ्याने प्रयोगाआधी तक्त्यात बघून लिहिलेलं असलं पाहिजे. रोजच्या निळ्या नायट्राइल ग्लोव्हमधून डायक्लोरोमिथेन काही मिनिटांतच पार होतं, हे किती जणांना माहीत असतं?

तोंडी परीक्षेत मी विचारतो ते प्रश्न साधारण असे. सोडियम एझाइड वापरलेल्या रिअ‍ॅक्शनचं एक्सट्रॅक्शन डायक्लोरोमिथेनने का करायचं नाही? (स्फोटक डायएझिडोमिथेन तयार होऊ शकतं.) तेच मिश्रण आम्लाने क्वेंच केलं तर? (हायड्राझोइक आम्ल, विषारी आणि स्फोटक.) नायट्रिक आम्लाचा कचरा ऑरगॅनिक कचऱ्याच्या बाटलीत ओतून झाकण घट्ट लावलं तर? रिअ‍ॅक्शन दहापट मोठी केली तर थंडही तितक्याच वेगाने होईल का? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. आकारमान दहापट झालं तरी त्याच घडणीच्या फ्लास्कचा पृष्ठभाग सुमारे 4.6 पटच वाढतो. उष्णता आकारमानात तयार होते आणि पृष्ठभागातून बाहेर पडते. लहान फ्लास्कमध्ये बर्फाशिवाय गुमान चाललेली रिअ‍ॅक्शन मोठ्या फ्लास्कमध्ये उसळते ती यामुळे.

चारपैकी एक प्रयोग नियंत्रण प्रयोगांचा, म्हणजे एखादी गोष्ट मुद्दाम वगळून किंवा बदलून बघायचा, ठेवा. यासाठी सुझुकी कपलिंग (पॅलेडियम कॅटॅलिस्टने दोन कार्बन जोडणारी रिअ‍ॅक्शन) उत्तम. 2003 साली धातूशिवाय सुझुकी कपलिंग होतं असा दावा प्रसिद्ध झाला. 2005 साली त्याच गटाने पुन्हा तपासणी केली, तेव्हा वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम सापडलं, तेही अब्जात पन्नास भाग इतकं. एवढंसं पॅलेडियम पुरेसं होतं. ही गोष्ट विद्यार्थ्यांना आधी सांगू नका. आधी त्यांच्याकडून कॅटॅलिस्टशिवायची रिअ‍ॅक्शन लावून घ्या: एक नेहमीच्या, बऱ्याच वेळा वापरलेल्या चुंबकी ढवळपट्टीने, एक कोऱ्या पट्टीने, एक वेगळ्या बाटलीतल्या बेसने. काही वेळा जुन्या पट्टीच्या फ्लास्कमध्ये उत्पादन दिसतं, काही वेळा कुठेच नाही. दोन्ही निकाल चालतील. कॅटॅलिस्टशिवायचा फ्लास्क लावणं ही औपचारिकता नाही हे त्यांना त्यातून उमगतं, आणि मग 2003-2005ची हकीकत सांगितली की ती डोक्यात बसते.

भौतिक रसायनशास्त्राच्या बाजूने मी एकच सुचवतो: फेरोसीन या लोहाच्या संयुगाचं सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (विद्युतदाब पुढे-मागे फिरवताना मोजलेल्या प्रवाहाचा आलेख). 25 अंशांना आदर्श प्रणालीत दोन शिखरांतलं अंतर 57-59 मिलिव्होल्टच्या आसपास हवं. विद्यार्थ्याला ऑरगॅनिक सॉल्व्हंटमध्ये 90 किंवा 110 मिळतं. तो लगेच "क्वासी-रिव्हर्सिबल" (इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण संथ) लिहितो, कारण पुस्तकात तसं आहे. पण द्रावणाच्या रोधामुळेही अंतर वाढतं. इलेक्ट्रोलाइट वाढवून बघ, रेफरन्स इलेक्ट्रोड जवळ आणून बघ, इलेक्ट्रोड पुन्हा घासून बघ. स्कॅनचा वेग चौपट केल्यावर शिखराचा प्रवाह दुप्पट होतो की चौपट, यावरून पदार्थ द्रावणातून विसरण होऊन येतोय की इलेक्ट्रोडला चिकटलाय तेही कळतं. उपकरण फार महाग नसलं तरी चालतं, फेरोसीन हाताळायला सोपं, आणि एका दुपारी भरपूर वाद घालता येतो.

राहिली नोंदवही. फेअर जर्नल बंद करा. घरी जाऊन सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या जर्नलमध्ये तीन वाजता रंग हिरवट झाला होता ही गोष्ट हमखास गळते, आणि नेमकी तीच नंतर लागते. क्रमांक घातलेली पानं, शाई, चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती, आणि घडतंय तेव्हाच लिहायचं. पान आम्लाने जळालं तरी हरकत नाही. प्रयोगाआधीच्या पानावर विद्यार्थ्याने आपला अंदाज लिहायचा: काय दिसेल, काय बिघडू शकेल, बिघडलं तर पहिली तपासणी कोणती. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका, लिहिलाच नाही तर कापा.

यासाठी मार्गदर्शकांचीही तयारी करून घ्यावी लागते. विद्यार्थी फ्लास्क घेऊन समोर उभा राहतो, "सर, आता काय करू?" म्हणतो, आणि उत्तर आपल्या ओठांवर असतं. तेव्हा गप्प बसणं खरंच अवघड आहे. सुरक्षेचा प्रश्न असेल तर तत्काळ सांगा, अजिबात खेळ नको. बाकी वेळी "तुला काय वाटतं, आणि ते कसं तपासशील?" एवढंच.

गुणांचं म्हणाल तर यील्डला शंभरातले दहाच्या वर देऊ नका, नाहीतर मुलं ओला नमुना वजनाला लावतात. पूर्वतयारी आणि अंदाजाला वीस, नोंदवहीला पंचवीस, तोंडी परीक्षेला वीस. उरलेले पंचवीस अदलाबदलीसाठी ठेवा. शेवटच्या तीन आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या नोंदवहीतला एक प्रयोग, त्याला काही न विचारता, फक्त पानावर लिहिलेलं वाचून करायचा. 1921पासून निघणाऱ्या 'ऑरगॅनिक सिंथेसिस'मध्ये कुठलीही कृती संपादक मंडळातल्या एखाद्या सदस्याच्या प्रयोगशाळेत पुन्हा करून बघितल्याशिवाय छापत नाहीत. त्याचंच हे लहान रूप समजा. पंचवीसपैकी पंधरा गुण ज्याची नोंदवही आहे त्याला आणि दहा करणाऱ्याला. पहिल्याच आठवड्यात हे जाहीर करा, शेवटी नाही, आणि कुणाची वही कुणाकडे जाणार ते मात्र चिठ्ठ्या टाकूनच ठरवा.